ट्रिम वर, पेलोड खाली: ट्रेलर ओढण्यासाठी एफ-१५० निवडतानाचं एक प्रकरण

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहणारं मराठी कुटुंब. नवरा-बायको, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं. उन्हाळ्यात पुण्याहून आजी-आजोबा येतात. त्यांनी २६ फुटी, मागे बंक बेड असलेला ट्रॅव्हल ट्रेलर नक्की केलाय. पहिला मोठा बेत कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्सचा: अमारिलो, डॅलहार्ट, क्लेटन करत राटोन खिंड चढायची, ट्रिनिडादला उतरायचं, वॉल्सनबर्गहून पश्चिमेला वळायचं. ट्रेलर ठरला, आता तो ओढणारी गाडी हवी. बजेट ४५ हजार डॉलर, म्हणजे वापरलेली फोर्ड एफ-१५० पिकअप, २०२१ ते २०२३ मधली.

विक्रेत्याच्या लॉटवर त्यांना तीन गाड्या आवडल्या: एक प्लॅटिनम, एक लॅरिएट, एक एक्सएलटी. ही ट्रिमची, म्हणजे एकाच मॉडेलच्या सोयींनुसार ठरणाऱ्या पातळ्यांची, नावं. तिन्ही २०२३ च्या, सुपरक्रू (चार दारांची) केबिन, साडेपाच फुटी बेड (मागचा माल ठेवायचा हौदा), फोर बाय फोर, ३.५ लिटर इकोबूस्ट (टर्बो) इंजिन (४०० हॉर्सपॉवर, ५०० पौंड-फूट टॉर्क) आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक. प्लॅटिनम जास्त मैल चालली होती म्हणून तिची किंमत एक्सएलटीच्या जवळ आली होती. विक्रेत्याचं म्हणणं असं की इंजिन तेच, ओढण्याची ताकद दहा हजार पौंडांच्या वर, तुमचा ट्रेलर सात हजारांचा, मग त्याच पैशात वरची गाडी का सोडायची?

कुटुंब आणि गाड्या इथे हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून जुळवल्या आहेत. आकडे अशा गाड्यांच्या दारावर एरवी दिसतात त्या पट्ट्यातले आहेत. तुमच्या व्यवहारात मात्र तुमच्याच गाडीच्या दारावरचा आकडा खरा धरायचा, आणि तो का, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

ट्रिम बदलली की काय बदलतं

एफ-१५० ची शिडी एक्सएलपासून सुरू होते, मग एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम. बाकीच्या कंपन्यांतही हेच चित्र आहे: २०२३ च्या रॅम १५०० मध्ये ट्रेड्समनपासून लिमिटेडपर्यंत (बिग हॉर्न ट्रिमला टेक्ससमध्ये लोन स्टार म्हणतात), शेव्रोलेच्या सिल्व्हराडोत डब्ल्यूटीपासून हाय कंट्रीपर्यंत, टोयोटाच्या टंड्रात एसआरपासून कॅपस्टोनपर्यंत. वर जाल तसं काचेचं मोठं छत, मोटरवर उघडझाक होणारी पायरी, २० इंची चाकं, गरम-थंड होणाऱ्या सीट, मोठे स्पीकर, विजेवर चालणारा टेलगेट असं एकेक येत जातं. यातली एकही गोष्ट ट्रेलर ओढत नाही आणि प्रत्येकीला वजन आहे.

गाडी माल भरून एकूण किती वजनाची होऊ शकते ही मर्यादा कारखाना ठरवून देतो. तिला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. फ्रेम, स्प्रिंगा, ब्रेक, अ‍ॅक्सल, टायर यांवरून ती ठरते, आणि एकाच इंजिन-केबिनच्या गाड्यांमध्ये ट्रिमनुसार ती फारशी हलत नाही. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन, टाकी पूर्ण भरून, वजा केलं की उरतो तो पेलोड. म्हणजे छताची काच आणि पायरीची मोटर यांनी खाल्लेलं प्रत्येक पौंड थेट तुमच्या माणसांच्या आणि सामानाच्या वाट्यातून जातं.

या तीन गाड्यांच्या दाराच्या खांबावर, ड्रायव्हरच्या बाजूला, टायरचा दाब लिहिलेलं जे लेबल असतं त्यावर एक ओळ आहे: माणसं आणि सामान यांचं एकत्र वजन इतक्या पौंडांपेक्षा जास्त असू नये. प्लॅटिनमवर आकडा होता १,४१२. लॅरिएटवर १,६५५. एक्सएलटीवर १,८३४. एक्सएलटीचा जीव्हीडब्ल्यूआर ७,१५० आणि प्लॅटिनमचा ७,०५०, म्हणजे मर्यादेतला फरक फक्त १०० पौंड. उरलेला ३२२ पौंडांचा फरक गाडीच्या स्वतःच्या वजनाचा आहे. दोन मोठ्या माणसांइतकं वजन प्लॅटिनम रिकामीच घेऊन फिरते.

ब्रोशरमधला आकडा कुठून येतो

टो रेटिंग, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते तो आकडा, खोटं नसतं, पण ते कोणत्या अटींवर काढलंय ते पाहावं लागतं. अमेरिकेत त्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक आहे. टोयोटाने ते सर्वांत आधी, २०११ च्या मॉडेलपासून लावलं, मग बाकीचे आले. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ किमान १०० अंश फॅरनहाइट तापमानात, एसी पूर्ण लावून, ठरावीक वेगाखाली न जाता चढावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांची ही खरी कसोटी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गाडीत धरलेली असतात फक्त दोन माणसं, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि टंग वेट धरलेलं असतं ट्रेलरच्या १० टक्के. मुलं नाहीत, सायकली नाहीत, कूलर नाही.

टंग वेट म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा हिचच्या, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीच्या, बॉलवर जितकं वजन टाकतो ते. हे वजन ट्रकच्या पेलोडमध्ये मोजायचं असतं, आणि बहुतेक जणांचा हिशेब इथेच चुकतो. ट्रॅव्हल ट्रेलर स्थिर चालायला हे वजन १० ते १५ टक्के लागतं, आणि मराठी कुटुंबाच्या सामानाने भरलेल्या बंकहाउसला (बंक बेडवाल्या ट्रेलरला) १३ टक्के धरणं शहाणपणाचं. तेरा हजार पौंड ओढणारा ट्रक म्हणजे १,६९० पौंड टंग वेट पेलणारा ट्रक. प्लॅटिनमच्या दारावरचा आकडा त्याच्या खूप खाली आहे, तेही ड्रायव्हर आत बसायच्या आधी. ट्रॅव्हल ट्रेलरवाल्या अर्धा टनी (एफ-१५० च्या वर्गातल्या) पिकअपमध्ये ओढण्याची ताकद क्वचितच आधी संपते. पेलोड संपतो.

ट्रेलरचं खरं वजन

ट्रेलरच्या ब्रोशरवर रिकामं वजन ५,६५० पौंड, हिच वेट (म्हणजे टंग वेट) ६१० आणि कमाल वजन ७,५०० असं लिहिलं होतं. त्यातलं ६१० हिशेबात धरू नये. हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन आहे. गॅसचे दोन २० पौंडी सिलिंडर भरलेले मिळून ७५ पौंडांच्या आसपास होतात, दोन बॅटऱ्या १००, आणि हे सगळं थेट दांड्यावर बसतं. पुढच्या बेडखालची आरपार डिकी हीच सामान कोंबायची जागा, तीही अ‍ॅक्सलच्या पुढे.

म्हणून भरलेला ट्रेलर असा मोजला: रिकामा ५,६५०; ब्रोशरच्या वजनात न धरलेले जास्तीचे भाग २००; गॅस आणि बॅटऱ्या १७५; भांडी, अंथरुणं, किराणा, खुर्च्या, पाइप, ठोकळे मिळून ७००; टाकीत ३३ गॅलन पाणी, म्हणजे २७५. बेरीज ७,००० पौंड. किराण्याचं वजन लोक कमी धरतात. दहा दिवसांच्या सहलीत तांदूळ, कणीक, डाळी, प्रेशर कुकर, लोखंडी तवा आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची पेटी एवढ्यातच शंभर पौंड सहज जातात. १३ टक्क्यांनी टंग वेट ९१०.

आता ट्रक. चौघांचं वजन १८५, १४५, ९५ आणि ६० मिळून ४८५. बेडमध्ये चार सायकली, कूलर, छोटा जनरेटर, हत्यारं, लाकडं मिळून २५०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं (ताणलेल्या दांड्यांनी टंगचं वजन ट्रकच्या पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणाऱ्या जोडणीचं) लोखंड ९०. त्यात टंग वेट ९१०. एकूण १,७३५.

एक्सएलटीवर ९९ पौंड शिल्लक. लॅरिएट ८० ने जास्त. प्लॅटिनम ३२३ ने जास्त.

उलट बाजूने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. माणसं, सामान आणि हिच यांचे ८२५ पौंड वजा केले की प्लॅटिनममध्ये टंग वेटसाठी ५८७ उरतात, म्हणजे भरलेला ट्रेलर ४,५०० पौंडांचा. तोच हिशेब एक्सएलटीत १,००९ उरवतो, ट्रेलर ७,७५० पर्यंत. इंजिन एकच, गिअरबॉक्स एकच, आणि फक्त ट्रिममुळे सव्वातीन हजार पौंडांचा फरक.

आजी-आजोबा आले की

एक्सएलटीच्या पुढच्या सीटमध्ये मधला भाग वर उचलून सहावा माणूस बसतो. प्लॅटिनमला मध्ये कन्सोल असल्याने पाचच जागा. कुटुंबाला एक्सएलटीचा हा मोठा फायदा वाटला, आणि गावात फिरायला तो आहेच. ट्रेलर लावल्यावर मात्र सहावी जागा पट्ट्यासकट असली तरी तिच्यासाठी वजन शिल्लक नाही: आजी-आजोबांचे २८० मिळवले की १,७३५ चे २,०१५ होतात, एक्सएलटीही १८१ ने ओलांडली जाते. मार्ग एकच, ते दोघं मागून कारने येतील आणि कार सूनबाई चालवतील. मग ट्रकमध्ये नवरा आणि मुलं, एकूण १,५९०. एक्सएलटीत आरामात बसतं. प्लॅटिनम अशी रिकामी करूनही १७८ ने जास्तच राहते. या एका हिशेबाने प्लॅटिनमचा विषय संपला.

लॅरिएटचा मोह

लॅरिएट सोडणं जास्त अवघड होतं. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये खालून गार हवा सोडणारी सीट ही चैन नाही, आणि ८० पौंड म्हणजे कुठेतरी जुळवता येतील असं वाटतं. सगळ्यांना सुचतो तो उपाय म्हणजे सायकली ट्रकच्या बेडमधून काढून ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅक लावून टांगायच्या. हा धोक्याचा उपाय आहे. ट्रेलरच्या अगदी मागे टांगलेलं ११० पौंड वजन अ‍ॅक्सलच्या मागून तरफेसारखं काम करतं आणि दांडा वर उचलतं. टंग वेट घटतं, म्हणून कागदावर पेलोड सुटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात टंगची टक्केवारी खाली येऊन ट्रेलर डोलायला लागतो. बाजूने सेमी-ट्रक गेला की शेपूट हलते आणि थांबत नाही. शिवाय बऱ्याच ट्रेलरांचा मागचा बंपर हा सांडपाण्याचा पाइप ठेवायचा पातळ चौकोनी पोकळ पत्रा असतो, सायकली आदळल्या की जोड उकलतो.

पाणी कमी भरणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय, पण टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे यावर तो टंग वेट कमी करेल की वाढवेल हे ठरतं. आणि एक गोष्ट या वयाच्या मुलांच्या आईबापांनी हिशेबात धरायलाच हवी: मुलं वाढतात, दारावरचा आकडा वाढत नाही. पाच वर्षांत या दोघांचं मिळून शंभर पौंडांवर वजन वाढणार. लॅरिएट पहिल्याच दिवशी ८० ने मागे आहे. एक्सएलटीचे ९९ सुद्धा तेव्हा संपतील, पण तोवर सायकली घरी ठेवण्याचा प्रामाणिक पर्याय तिच्यात शिल्लक राहतो.

यावर स्प्रिंगांखाली एअरबॅग लावणे किंवा जाड एलटी (लाइट ट्रक) टायर घालणे असा सल्ला नेहमी मिळतो. एअरबॅगने मागची बसलेली गाडी वर येते, एलटी टायरची बाजूची भिंत कडक असल्याने डोलणं कमी होतं. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत. पण अ‍ॅक्सलची नळी, बेअरिंग, ब्रेक आणि फ्रेम तीच राहते, म्हणून दारावरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. एअरबॅगमुळे गाडी समतल दिसते आणि जास्त झालेलं वजन डोळ्यांना कळत नाही, हा उलट तोटा.

एक्सएलटी म्हटलं की झालं असंही नाही

ट्रिमचं नाव वजनाबद्दल सांगतं, ओढण्याच्या सामानाबद्दल नाही. २०२३ च्या एक्सएलटीत २.७ लिटर इकोबूस्ट, ५ लिटर व्ही८ आणि ३.५ लिटर इकोबूस्ट ही सगळी इंजिनं मिळत होती. राटोन खिंड ७,८३४ फुटांवर आहे आणि फ्रिस्को साधारण सातशे फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पाचवा हिस्सा गेलेला असतो. टर्बो हा तोटा बराचसा भरून काढतो. डोंगराकडे जाणाऱ्या या कुटुंबासाठी ३.५ इकोबूस्ट सोडायला नको. टेक्ससच्या सपाटीवर आणि किनाऱ्यावरच फिरणाऱ्याला व्ही८ पुरेल.

मग टो पॅकेज. साधं ट्रेलर टो पॅकेज आणि मॅक्स ट्रेलर टो पॅकेज ही वेगळी आहेत. मॅक्समध्ये ३.५५ गुणोत्तराचा, लॉक होणारा मागचा अ‍ॅक्सल, कारखान्याचा ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून लावणारा), भक्कम मागचा बंपर आणि ३६ गॅलनची पेट्रोलची टाकी येते. साध्या सुपरक्रूची टाकी २६ गॅलन. टाकी ही या यादीतली सर्वांत कमी चर्चिली जाणारी आणि प्रवासात सर्वांत जास्त कामाला येणारी गोष्ट. उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर मागे असताना ही गाडी गॅलनला नऊ-दहा मैल देते, टेक्ससच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागात समोरून वारा असेल तर आठ. २६ गॅलनच्या टाकीत थोडं राखून दोनशे मैलांच्या आतच पंप शोधावा लागतो, आणि तोही असा की जिथे मागे २६ फुटी ट्रेलर घेऊन वळता येतं. अमारिलोत भरलेल्या ३६ गॅलनमध्ये राटोन ओलांडता येतं. भरलेल्या टाकीचं वजन दारावरच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं, ते पुन्हा मोजायचं नाही.

वापरलेल्या गाडीत ही पॅकेजं बॅजवरून कळत नाहीत. म्हणून विक्रेत्याने स्क्रीनचे आणि सीटचे वीस फोटो पाठवले तरी त्याच्याकडे आणखी चार मागायचे. पहिला, दाराच्या खांबावरचं टायर आणि वजनाचं लेबल. दुसरा, शेजारचं मोठं प्रमाणपत्राचं लेबल, ज्यावर जीव्हीडब्ल्यूआर, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादा आणि अ‍ॅक्सलचा कोड असतो. एल९ म्हणजे ३.५५ लॉकसह, एल६ म्हणजे ३.७३ लॉकसह. तिसरा, गाडीखाली वाकून काढलेला हिच रिसीव्हरवरच्या (हिच अडकवायच्या चौकोनी नळीवरच्या) स्टिकरचा, ज्यावर दोन ओळी असतात: साध्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशनसह किती. साध्या बॉलची मर्यादा बहुधा ५,००० पौंड आणि टंग ५०० एवढीच असते, म्हणजे हा ट्रेलर साध्या बॉलवर न्यायचाच नाही. चौथा, डॅशबोर्डवर स्टिअरिंगशेजारी ब्रेक कंट्रोलरचं बटण आहे की नाही याचा.

यात एक सापळा आहे. दारावरचा आकडा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. नवी गाडी विकण्याआधी डीलरने १०० पौंड किंवा जीव्हीडब्ल्यूआरच्या दीड टक्का, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त वजन चढवलं तर लेबल दुरुस्त करायचा नियम आहे. पण आधीच्या मालकाने नंतर बसवलेलं बेडचं कडक झाकण, लोखंडी पायऱ्या, हत्यारांची पेटी याचा पत्ता कोणत्याच लेबलवर नसतो. या एक्सएलटीवर ७५ पौंडांचं तिहेरी घडीचं झाकण होतं. ते धरलं तर ९९ चे २४ राहतात. ते काढून विकायचं आणि सायकलींवर ताडपत्री बांधायची हा योग्य निर्णय.

ज्या गोष्टी नंतर बसवता येतात त्यांच्यासाठी ट्रिम बदलू नये. ब्रेक कंट्रोलर नंतर बसतो. ट्रेलरसाठीचे लांब आरसेही बसतात, पण आरशात कॅमेरा आणि दिवे असलेल्या वरच्या ट्रिमवर ते फार महाग पडतात. साध्या आरशांच्या एक्सएलटीवर स्वस्त. अ‍ॅक्सलचं गुणोत्तर, टाकी आणि जीव्हीडब्ल्यूआर मात्र जे आहे तेच राहणार. त्यांच्यावर आधी पैसे खर्च करायचे.

काट्यावरचे तीन कागद

गाडी घेतली, हिच बसवला, ट्रेलर सहलीला निघतो तसा भरला. आता कागदावरचा हिशेब काट्यावर तपासायचा. हायवेच्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल नावाचा ट्रक तोलायचा काटा असतो. त्याचे वेगवेगळे पट्टे असतात आणि ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर प्रत्येकी वेगळ्या पट्ट्यावर उभा करायचा. पहिलं वजन दहा-पंधरा डॉलरच्या घरात, त्याच दिवशीचं दुसरं अगदी स्वस्त. सगळी माणसं गाडीत, टाकी भरलेली. तीनदा वजन करायचं.

पहिल्यांदा वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे लावून: पुढे ३,१००, मागे ३,८४०, ट्रेलर ६,२००. दुसऱ्यांदा दांडे सोडून, बाकी तसंच: पुढे २,९००, मागे ४,१४०, ट्रेलर ६,१००. तिसऱ्यांदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून फक्त ट्रक: पुढे ३,३००, मागे २,८४०.

आता वजाबाकी. संपूर्ण जोडी १३,१४० आणि एकटा ट्रक ६,१४०, म्हणजे ट्रेलर ७,०००. दांडे सोडलेल्या ट्रकचे ७,०४० वजा ६,१४० म्हणजे खरं टंग वेट ९००, जवळजवळ १३ टक्के. ब्रोशरच्या ६१० शी याचा काही संबंध उरलेला नाही.

पुढचा भाग मन लावून वाचावा असा आहे. टंग वेट ९०० असूनही मागच्या अ‍ॅक्सलवर १,३०० चढले आणि पुढच्यावरून ४०० उतरले. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण ६५ इंच मागे आहे आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर १४५ इंच. बॉल दाबला गेला की मागचं चाक टेकू होतं आणि गाडीचं नाक वर उचललं जातं. स्टिअरिंग हलकं होणं, हेडलाइट झाडांवर जाणं, ओल्या रस्त्यात पुढची चाकं घसरणं, सगळं या ४०० पौंडांमुळे. या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ४,१५० आहे. दांड्यांशिवाय ती १० पौंडांवर येऊन ठेपली. दांडे लावल्यावर पुढच्यावर २०० परत आले, म्हणजे उचललेलं निम्मं, मागचा ३,८४० वर उतरला आणि १०० पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले. पूर्ण ४०० परत आणायचा हट्ट धरू नये. जास्त ताणलेल्या दांड्यांनी मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर ब्रेक मारताना गाडी मागून फिरते. किती परत आणायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळावं.

काटा जवळ नसेल तर पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी: ट्रेलरशिवाय, ट्रेलर लावून दांडे सोडून, आणि दांडे लावून. दोन इंच वर गेली असेल आणि एक इंच परत आली तर निम्मं परत आलं. अ‍ॅक्सलच्या मर्यादा मात्र टेपने कळत नाहीत.

हेच वजन प्लॅटिनमवर चढवून पाहिलं तर तिचा रिकामा मागचा भाग आधीच जड आहे. काचेचं छत, मोठ्या मागच्या सीट आणि टेलगेटची मोटर यांच्या वजनाचा चांगला भाग मागच्या चाकांवर येतो. तिच्यात मागचा अ‍ॅक्सल दांडे लावूनही मर्यादेच्या जवळ राहतो आणि एकूण वजन जीव्हीडब्ल्यूआरच्या वर. नेहमीच्या चालवण्यात यातलं काही जाणवणार नाही, इंजिन सहज ओढेल. परिणाम दिसतात ते विचिटा फॉल्सजवळ दुपारच्या १०५ अंशांत तापलेल्या मागच्या टायरमध्ये, राटोनच्या उतारावर ब्रेकच्या वासात, आणि अचानक लेन बदलावी लागली तर.

कायद्याच्या बाजूने टेक्ससमध्ये दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, आणि ट्रक-ट्रेलर मिळून कमाल वजनांची बेरीज २६,००१ पौंडांच्या खाली असेल तर साधं क्लास सी लायसन्स चालतं.

जड पेलोड पॅकेज, हायब्रिड आणि एफ-२५०

एफ-१५० मध्येच हेवी-ड्यूटी पेलोड पॅकेज मिळतं. जाड अ‍ॅक्सल, कडक स्प्रिंगा, दारावर २,३०० च्या पुढचा आकडा. हे पॅकेज खालच्या ट्रिमांतच मिळतं आणि सुपरक्रूला त्यासाठी साडेसहा फुटी बेड घ्यावा लागतो. गाडीची लांबी १९.३ फुटांवरून २०.३ फूट होते. फ्रिस्कोतल्या नव्या घरांची गॅरेजं वीस फुटांच्या आसपास खोल असतात, त्यामुळे गाडी बाहेर राहणार. वापरलेल्या बाजारात हे पॅकेज दुर्मीळ आहे. मिळालं आणि गाडी बाहेर ठेवायला हरकत नसेल तर ट्रेलरसाठी याहून चांगली एफ-१५० नाही. पॉवरबूस्ट हायब्रिडचा बेडमधला ७.२ किलोवॉटचा वीजपुरवठा कॅम्पिंगला फार मोहात पाडतो, पण बॅटरी आणि मोटरचं वजन पेलोडमधूनच जातं. या ट्रेलरसाठी ती घेऊ नये.

एफ-२५० चा, म्हणजे फोर्डच्या याहून जड पिकअपचा, विचार या कुटुंबाने केला पाहिजे का? आज नाही. वर्षाला चार-पाच सहली, बाकी दिवस शाळा-ऑफिस-किराणा दुकान यात तीन चतुर्थांश टनी गाडीची कडक चाल आणि रुंद वळण रोज सोसावं लागतं. पण ट्रेलर ७,५०० च्या वर गेला, किंवा सहाही जण एकाच गाडीतून जायचं ठरलं, तर पेट्रोल इंजिनाची एक्सएलटी एफ-२५० घ्यावी. तिच्या दारावर तीन हजारांच्या वरचा आकडा सहज सापडतो. डिझेल घेतलं की त्या इंजिनाच्या वजनाने त्यातले काही शे पौंड जातात, म्हणजे तिथेही पहिल्यापासून दाराचं लेबल वाचणं आलंच.

सध्या एक्सएलटी ठीक आहे. झाकण काढलेलं, ३.५५ चा लॉकवाला अ‍ॅक्सल, ३६ गॅलन टाकी, टायर दारावर लिहिलेल्या दाबाला सकाळी थंड असताना भरलेले. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासायचे, हिचचे नट पुन्हा आवळायचे. मुलांची वजनं आणि ट्रेलरमधलं सामान बदलत राहणार, म्हणून दर उन्हाळ्यात पहिल्या सहलीला निघताना वाटेतल्या कॅट स्केलवर तेच तीन कागद पुन्हा काढायचे आणि आधीच्या वर्षीच्या कागदांशेजारी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायचे. मागचा अ‍ॅक्सल दांडे लावून ४,००० च्या वर गेला की त्या वर्षी सायकली घरी.